शिकवत होते, मानत नव्हते

निगेटिव्ह फीडबॅकचं प्रकरण मी बी.एस्सी.च्या वर्गाला दरवर्षी शिकवलं. फळ्यावर ‘ए भागिले एक अधिक ए-बीटा’ लिहायचं, गेन घटतो पण त्याच पटीत डिस्टॉर्शनही घटतं हे सिद्ध करायचं, उत्तराभोवती चौकट आखायची. मुलं उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तसंच्या तसं ओतायची. माझा मात्र त्यावर विश्वास नव्हता. म्हणजे गणितावर होता. पण ज्या ॲम्प्लिफायरवर गाणं ऐकायचं, त्यात फीडबॅक जितका कमी तितका बरा, हे माझं ठाम मत होतं. घरी मी जे ॲम्प्लिफायर जोडले ते याच मतावर उभे होते. ते मत आता राहिलेलं नाही. ते का गेलं हे लिहायला बसले आहे, कारण मी ते हौसेनं पुष्कळांना वाटलं होतं, आणि त्यातले काही जण अजून ते सांभाळून आहेत.

मताचं मूळ कॉलेजच्या लायब्ररीत होतं. तिथे ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकाचे जुने बांधीव अंक होते. एप्रिल १९६९ च्या अंकात जॉन लिन्स्ली हूड यांचा दहा वॅटचा क्लास-ए ॲम्प्लिफायर सापडला. चॅनेलमागे चारच ट्रान्झिस्टर. गाणं वाजो न वाजो, सव्वा अँपिअरच्या आसपास करंट सतत खाणार. हीट सिंकवर बोट टेकवायची सोय नाही. तो मी जोडला, आणि बाजारातल्या म्युझिक सिस्टिमना सरावलेल्या माझ्या कानांना तो फार आवडला. भाग कमी, फीडबॅक बेताचा, म्हणून आवाज असा, हा निष्कर्ष मी तिथल्या तिथे काढला. त्या सर्किटमध्येही फीडबॅक होताच, आणि ते त्याच्याच जोरावर इतकं नीट चालत होतं, याकडे सोयीस्कर डोळेझाक केली.

मग मत्ती ओटाला वाचले. या फिनिश संशोधकानं १९७० मध्ये दाखवलं की ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला भरपूर फीडबॅक दिला आणि आतलं सर्किट संथ असलं, तर अचानक उसळणाऱ्या सिग्नलला पहिली स्टेज क्षणभर भांबावते, आणि तेवढ्या वेळात जे डिस्टॉर्शन होतं ते नेहमीच्या मोजमापात दिसत नाही. झालं! मला हवा होता तो पुरावा मिळाला. फीडबॅक म्हणजे चूक आधी होऊ द्यायची आणि मग ती निस्तरायला धावायचं. तोवर तबल्याची थाप होऊन गेलेली असते, असं मी स्टाफरूममध्ये तावातावानं सांगायची. ओटालांच्या म्हणण्यातला ‘सर्किट संथ असलं तर’ हा भाग माझ्या सांगण्यात कधी यायचा नाही. पुढे बॉब कॉर्डेल यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं होतं की सर्किट पुरेसं चपळ ठेवलं तर भरपूर फीडबॅक देऊनही हा दोष येत नाही. ते वाचलं होतं. मनावर घेतलं नव्हतं.

सांगलीच्या उन्हाळ्यात क्लास-ए ॲम्प्लिफायर लावून बसणं ही शिक्षा असते. म्हणून मी दुसरा बांधायला घेतला, नेहमीचा क्लास-एबी. १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, दोन्ही बाजूंना मोठे फिल्टर कंडेन्सर, पुढे बीसी५४७, बीडी१३९-१४० आणि आउटपुटला २एन३०५५ व एमजे२९५५ ची जोडी. भाग काही पुण्याला पासोड्या विठोबाजवळून आणले, काही मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून. यात कलाकुसर माझी एवढीच की फीडबॅकची वायर स्पीकरच्या टोकावरून न घेता आउटपुट ट्रान्झिस्टरच्या आधीच काढून घेतली. म्हणजे शेवटची स्टेज फीडबॅकच्या कक्षेबाहेर, मोकळी. आत फीडबॅक ठेवला तो चवीपुरता. या रचनेचा मला अभिमान होता.

बोर्डाला पहिल्यांदा वीज देताना मी सिरीज दिवा लावते: मेनच्या वायरीत शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि ट्रान्झिस्टर वाचतात. एलईडीचा दिवा इथे कामाचा नाही. तारेचे बल्ब आता दुकानात मिळेनासे झाल्यामुळे माझ्याकडचे मी दागिन्यांच्या बरोबरीनं जपते. तर, बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला, आउटपुटला डीसी जवळजवळ शून्य, सगळं व्यवस्थित. गाणं लावलं. मोठ्या आवाजात झकास. नाट्यसंगीत, ऑर्गन, तबला, सगळं भरघोस.

तक्रार सुरू झाली ती कमी आवाजात. रात्री घरातली माणसं झोपल्यावर विलंबित ख्याल हळू लावला की तंबोऱ्याच्या मागे काहीतरी खरखरायचं. आवाज फाटला की तो वाढवल्यामुळे फाटतो, ही आपली सर्वसाधारण समजूत. लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यांनी ती पक्की केलेली आहे. इथे उलटं होतं. वाढवला की स्वच्छ, कमी केला की खरखर. मी रेकॉर्डिंग बदललं, स्पीकर डावे-उजवे केले, इनपुटच्या वायरी अदलाबदल केल्या. दोष ॲम्प्लिफायरला चिकटून राहिला. मग ड्राय सोल्डरच्या संशयावरून सगळे जोड पुन्हा गरम केले. कपलिंगचे कंडेन्सर बदलून भारीतले घातले. त्यानं आवाज ‘खुलला’ असंही मी स्वतःला काही काळ पटवलं.

आमच्याकडे सासूबाईंचा तंबोरा आहे. त्याची जवारी लावायला मिरजेचे एक कारागीर येतात. त्यांच्या घरात हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. काम झाल्यावर चहा घेताना मी त्यांना तेच रेकॉर्डिंग हळू आवाजात ऐकवलं आणि विचारलं, हा त्या तंबोऱ्याच्या जवारीचाच काही दोष असेल का? त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “नाही ताई. घोडीवरचा दोरा सरकला तर झार बिघडते, पण तार विझेल तशी तीही विझते. हे तार विझताना वाढतंय. हे तंबोऱ्यातलं नाही, तुमच्या खोक्यातलं आहे.”

जवारीमुळे तंबोऱ्याची तार साध्या नियमांना धरून वाजत नाही, हे भौतिकशास्त्राला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं: तार जिथे छेडली तिथे जे उपस्वर उमटायला नकोत, तेही घोडीच्या पसरट पाठीमुळे आणि दोऱ्यामुळे ठणठणीत उमटतात. म्हणजे तंबोरा हे उपस्वरांनी खच्चून भरलेलं वाद्य. त्यात ॲम्प्लिफायरनं आपले चार उपस्वर मिसळले तर कोणाला कळणार, असं मी धरून चालले होते. ते कळतं, आणि कसं कळतं हे त्या कारागिरांच्या एका वाक्यात होतं. दोष ठरावीक आकाराचा असेल आणि सिग्नल लहान होत जाईल, तर दोषाचं प्रमाण वाढत जाणार. असं वागणारं डिस्टॉर्शन मुख्यतः एकच: क्रॉसओव्हर. वर्गात मी त्याचीही आकृती काढत असे.

ज्यांना आकृती नको त्यांच्यासाठी: आउटपुटच्या जोडीतला एक ट्रान्झिस्टर लाटेचा वरचा अर्धा भाग वाहतो, दुसरा खालचा. चालत्या पालखीला खांदा बदलतात तसा दर लाटेला दोनदा भार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पहिल्यानं खांदा काढला आणि दुसऱ्याचा अजून लागायचा आहे, अशी फट पडली की पालखी हिसका खाते. ही फट पडू नये म्हणून दोन्ही ट्रान्झिस्टर थोडे आधीपासून जागे ठेवतात; त्यासाठी दिलेला करंट म्हणजे बायस. मोठ्या लाटेत तो हिसका हरवून जातो. लाट लहान झाली की हिसकाच उरतो.

बायस मोजायला सोपा. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ०.२२ ओहमचा जाड रेझिस्टन्स असतो, त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावायचा. माझ्याकडे तिथे धड एक मिलिव्होल्टही नव्हता, म्हणजे चारेक मिलिअँपिअर. हा आकडा मीच तसा ठेवला होता आणि त्याला कारण होतं. ट्रान्झिस्टर तापला की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्टनं उतरतो. बायस तसाच राहिला तर करंट वाढतो, करंटनं तो आणखी तापतो, आणि हे चक्र वेळीच थांबलं नाही तर धूर निघतो. त्यावर उपाय म्हणून बायस ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर त्याच हीट सिंकवर, मायका घालून, स्क्रूनं कसायचा असतो. म्हणजे तोही बरोबरीनं तापतो आणि बायस आपोआप उतरवतो. मी तो सोयीसाठी बोर्डावरच उभा ठेवला होता. उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून मी भिऊन बायस कमी ठेवला, आणि कमी बायसला ‘थंड आणि सुरक्षित’ म्हणत राहिले.

किती ठेवायचा याचंही उत्तर छापलेलं आहे. बर्नार्ड ऑलिव्हर यांनी फेब्रुवारी १९७१ च्या ‘ह्यूलेट-पॅकार्ड जर्नल’मध्ये दाखवलं की या एमिटर रेझिस्टन्सवर २६ मिलिव्होल्टच्या आसपास असले की खांदेबदल सर्वांत गुळगुळीत होतो, ट्रान्झिस्टरच्या आतल्या रेझिस्टन्समुळे प्रत्यक्षात ते जरा कमी धरायचे. त्याहून वाढवलं तरी बिघडतं, हे मला नवीन होतं. बायस जितका जास्त तितका क्लास-एच्या जवळ आणि तितका गोड, ही माझी आणखी एक आवडती कल्पना तिथे निकालात निघाली.

बायस ट्रान्झिस्टर हीट सिंकवर नेला. त्याच वेळी बायस कमी-जास्त करणाऱ्या प्रीसेटची जागाही बदलली. प्रीसेटचा सरकता संपर्क कधी ना कधी दगा देतोच. तो बेस आणि एमिटर यांच्या मधल्या फांदीत असला तर संपर्क तुटल्यावर बायस उतरतो, वरच्या फांदीत असला तर चढतो आणि आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर घेऊन जातो. मग स्क्रूड्रायव्हर अगदी केसभर फिरवत वीस मिलिव्होल्टवर आणून ठेवला, अर्धा तास तापू दिला, पुन्हा पाहिला.

आता खरखर खूप कमी झाली. इथे थांबले असते तर माझं फीडबॅकबद्दलचं मतही शाबूत राहिलं असतं. पण कितपत उरली आहे हे मला कानानं सांगता येईना, आणि ऑसिलोस्कोपवर साइन वेव्ह गुळगुळीत दिसत होती. स्कोपच्या पडद्यावर टक्का-अर्धा टक्का डिस्टॉर्शन डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून वजाबाकी केली. ॲम्प्लिफायरचा आउटपुट त्याच्या गेनइतका खाली आणायचा, त्यातून इनपुट वजा करायचा, जे उरेल ते ॲम्प्लिफायरनं पदरचं घातलेलं. कॉलेजच्या लॅबमध्ये एक ऑप-ॲम्प, चार रेझिस्टन्स आणि एक ट्रिमर एवढ्यावर हे होतं. स्पीकरच्या जागी आठ ओहमचा सिमेंटचा रेझिस्टन्स लावला, उरलेला सिग्नल दुसऱ्या ॲम्प्लिफायरनं मोठा करून हेडफोनला दिला आणि तंबोरा चालू केला. ट्रिमर फिरवत नेला तसा तंबोरा मागे मागे गेला, एका जागी जवळपास दिसेनासा झाला, आणि उरली ती एक कोरडी करकर. तंबोऱ्याच्या लयीत, दर छेडीला उठणारी, पण स्वर नसलेली. बायस नीट केल्यानंतरची ही गोष्ट. जे मी ‘गोडवा’ म्हणून ऐकत होते त्याखाली हे चाललेलं होतं.

तेव्हा मी फीडबॅकची वायर काढली आणि जिथे पुस्तकं लावायला सांगतात तिथे, म्हणजे आउटपुट स्टेजच्या पुढे, स्पीकरच्या टोकाला लावली. आतला चवीपुरता ठेवलेला गेनही मोकळा केला. डाव्या चॅनेलच्या हेडफोनमध्ये करकर गेली. कमी झाली नाही, गेली. वजाबाकीच्या सर्किटची स्वतःची सूं सूं तेवढी राहिली. मी वायर पुन्हा जुन्या जागी लावली. करकर आली. पुन्हा नव्या जागी. गेली. हा खेळ मी बराच वेळ खेळत बसले.

फीडबॅक उशिरा पोचतो, हा माझा मुख्य आक्षेप होता. त्याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता. ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच स्वराची, वीस हजार हर्ट्झची, एक लाट पन्नास मायक्रोसेकंदांची असते. सर्किटमधून सिग्नल पुढे जाऊन परत यायला लागणारा वेळ यापुढे नगण्य असतो. चूक होऊन गेल्यावर कोणी निस्तरायला धावत नाही. इनपुट आणि आउटपुट यांची तुलना अखंड चालू असते आणि चूक वाढू लागली की तिथेच दाबली जाते. तबल्याची थाप या हिशेबात अतिशय संथ घटना आहे. मी हे फळ्यावर सांगू शकले असते, कुणी विचारलं असतं तर. स्वतःला विचारायचं राहून गेलं होतं.

हॅरॉल्ड ब्लॅक यांची गोष्ट मी वर्गात मुलांना जाग यावी म्हणून सांगायची. बेल लॅबोरेटरीजचे हे तरुण इंजिनियर २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या लॅकवाना फेरीबोटीनं कामावर निघाले होते, आणि बोटीवरच त्यांना ही कल्पना सुचली. हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर त्यांनी आकृती आणि समीकरणं मांडली. गोष्ट इथवर सांगितली की मुलं हसायची, मी पुढे जायची. तिचा खरा गाभा त्याआधी आहे. ब्लॅक यांच्यापुढचा प्रश्न लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा होता. एकाच तारेवर अनेक संभाषणं, आणि तार थकते म्हणून वाटेत एकामागून एक ॲम्प्लिफायर. प्रत्येकानं थोडं थोडं डिस्टॉर्शन घातलं की पलीकडे पोचेपर्यंत संभाषणं एकमेकांत मिसळणार. तिथे कोणाला ‘गोडवा’ चालणार नव्हता. उपाय म्हणून त्यांनी सुचवलं काय, तर कष्टानं मिळवलेला गेन मुद्दाम फेकून द्या. हे इतकं विपरीत वाटलं की १९२८ मध्ये केलेल्या पेटंटच्या अर्जाला मंजुरी मिळायला १९३७ साल उजाडलं. माझा विरोध त्यामानानं फार जुन्या वळणाचा होता म्हणायचा.

‘चवीपुरता’ फीडबॅक ही माझी तडजोड तर सर्वांत वाईट निघाली. पीटर बॅक्सेंडॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीला ‘वायरलेस वर्ल्ड’मध्येच हे मांडलं होतं, मी ज्या कपाटासमोर बसायची त्याच कपाटात ते होतं. एखादी स्टेज नुसता दुसरा हार्मॉनिक घालत असेल आणि तुम्ही तिला थोडासाच फीडबॅक दिला, तर दुसरा कमी होतो पण तिसरा, चौथा, पाचवा असे वरचे हार्मॉनिक नव्यानं जन्मतात. फीडबॅक आणखी वाढवला की तेही खाली जातात. म्हणजे एक तर देऊच नका, नाहीतर सढळ हातानं द्या. वरचे हार्मॉनिक कानाला जास्त बोचतात, हे तर बीबीसीच्या शॉर्टर यांनी १९५० मध्येच सांगून हार्मॉनिकच्या क्रमांकाप्रमाणे वजन द्यायला सुचवलं होतं. मी ज्याला संयम समजत होते, तो नेमका त्या वाईट टप्प्यात उभा होता.

फुकट काही मिळालं नाही, हेही लिहिलं पाहिजे. आउटपुट स्टेज फीडबॅकमध्ये घेतल्याबरोबर ॲम्प्लिफायर गाणं नसतानाही तापू लागला. स्कोपवर पाहिलं तर लाटेच्या माथ्यावर बारीक दाट केस उगवल्यासारखी रेघ जाड झालेली. कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर तो स्वतःच ओरडत होता. २एन३०५५ हा दणकट पण मंद गडी, त्याच्या मंदपणामुळे वरच्या टोकाला फीडबॅक उलटा पडतो. मधल्या स्टेजवरचा पिकोफॅरडचा छोटा कंडेन्सर वाढवला, स्पीकरच्या टोकाला दहा ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी लावली, तेव्हा शांत झाला. कंडेन्सर वाढवल्यामुळे वरच्या फ्रीक्वेन्सीला फीडबॅक कमी पडतो. माझ्या सर्किटात एक किलोहर्ट्झला दुरुस्तीसाठी शंभर पट गेन शिल्लक असला तर दहा किलोहर्ट्झला दहाच पट राहतो, आणि क्रॉसओव्हरचा हिसका तर उंच हार्मॉनिकांनीच बनलेला. म्हणून बायस आधी, फीडबॅक नंतर. फीडबॅक आहे म्हणून बायसकडे दुर्लक्ष करणाऱ्यांवर मी पूर्वी टीका करायची, ती मागे घेत नाही.

उजव्या चॅनेलनं आणखी एक धडा दिला. तिथे करकर कमी झाली पण गेली नाही. दोन्ही बोर्ड सारखे, भाग सारखे, बायस सारखा. हेडफोन कानाला लावून मी लाकडी पेन्सिलीनं आतल्या वायरी एकेक करून हलवत गेले. प्लसच्या सप्लायची लाल वायर हलली की करकर लहान-मोठी होई. ती इनपुटच्या वायरीला खेटून गेली होती. क्लास-एबीमध्ये प्लसच्या वायरीतून लाटेचा फक्त वरचा अर्धा भाग वाहतो, मायनसमधून फक्त खालचा. अशी अर्धी कापलेली लाट हार्मॉनिकांनी बुजबुजलेली असते आणि शेजारच्या वायरीत आपली सावली पाडते. ती सावली इनपुटवरच पडली तर फीडबॅकला ती गाण्याचाच भाग वाटते, आणि तो ती इमानेइतबारे स्पीकरला पोचवतो. प्लस, मायनस आणि ग्राउंडच्या वायरी एकत्र पिळून इनपुटपासून लांबच्या कडेनं नेल्या. करकर गेली. बोर्डावरच्या एकाही भागाला हात लावावा लागला नाही.

गोडव्याचं काय, असं माझी मैत्रीण विचारते. ती गाते, आणि माझा जुना ॲम्प्लिफायर तिला आवडायचा. तिला मी सूर धरून समजावलं. तंबोऱ्याच्या तारा पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज, म्हणजे तीन, चार, चार, दोन अशा प्रमाणात. डिस्टॉर्शन जे नवे स्वर घालतं ते या आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्या असतात, म्हणून ते याच कुटुंबातले निघतात. नुसत्या तंबोऱ्यावर सौम्य डिस्टॉर्शन गोड लागतं ते त्यामुळे. आता तू गायला लाग. षड्ज २०० हर्ट्झचा धर, तू २२५ च्या ऋषभावरून मींड घेत षड्जावर ये. दोनशेची दुप्पट वजा तुझा स्वर: १७५. खालच्या कोमल निषादाच्याही किंचित खाली एक स्वर उमटतो, आणि तू उतरत येशील तसा तो षड्जाकडे चढत येतो. तू खाली येतेस, तुझ्यामागे कोणीतरी वर चढतं. ते तुझ्या गळ्यातलं नाही, रागातलं नाही, रेकॉर्डिंग करणाऱ्यानं ठेवलेलं नाही. ती म्हणाली, “ऐकव.” मी जुनी वायर लावून ऐकवलं. तिला ते आधी ऐकू आलं नाही. वजाबाकीच्या हेडफोनवर आलं, आणि मग हेडफोन काढल्यावरही आलं. आता तिला तो जुना आवाज नको झाला आहे, याचं मला थोडं वाईट वाटतं.

वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ मी अजून लावते. त्याचा रंग मला आवडतो आणि तो रंग आहे हे मला माहीत आहे. जाहिरातीतल्या ०.००१ टक्क्यावर माझा पूर्वीही विश्वास नव्हता, आजही नाही. पूर्ण ताकदीला, एक किलोहर्ट्झला मोजलेला तो आकडा अर्ध्या वॅटच्या तंबोऱ्याबद्दल काही सांगत नाही, आणि माझा सदोष ॲम्प्लिफायरही पूर्ण ताकदीला तसा सभ्यच दिसला असता.

एका जुन्या विद्यार्थ्याला मात्र माझं मत बदललं याचा फारच आनंद झाला आहे. त्याचं म्हणणं, “मॅडम, आता एवढं मान्य केलंत, तर नीट बांधलेले सगळे ॲम्प्लिफायर सारखेच वाजतात हेही मान्य करून टाका.” त्याच्याकडे एलएम३८८६ या एकाच आयसीवर बांधलेला आहे, माझ्यापेक्षा निम्म्या आकाराचा. मी मान्य केलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो येणार आहे. पडद्यामागून एकदा त्याचा, एकदा माझा, कोणता वाजतोय ते न सांगता ऐकायचं. दोन्हींचा आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवायचा ही त्याची अट, कारण जरासा मोठा असलेला आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो. ती मी लगेच कबूल केली. ढोल-ताशे चालणार नाहीत, विलंबित ख्याल लावायचा आणि तोही हळू, ही माझी अट. तिच्यावर तो अजून विचार करतो आहे.